डब्लिनहून आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शिकागोतल्या आयरिश वस्त्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही सहा वर्षं डब्लिनमध्ये राहता. तिथली माणसं अमेरिकेतल्या या मंडळींना ‘प्लास्टिक पॅडी’, म्हणजे नकली आयरिश, म्हणून हसतात. पणजोबांनी सोडलेल्या देशाचं नाव घेत वर्षातून एकदा, मार्चमध्ये सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या सणाला, नदी हिरवी करायची आणि हिरवी बिअर प्यायची, याला तुम्ही संस्कृती मानत नाही. त्यांना आयरिश भाषेतलं एक वाक्यही येत नाही. आणि मी त्यांना नुसते आयर्लंडातल्या 1845-52 च्या दुष्काळाचे बळी म्हणून रंगवलं, त्यांच्यातल्यांनी काळ्या लोकांशी जे केलं ते गाळलं.

यातला शेवटचा मुद्दा खरा आहे, त्याकडे येतेच. बाकीच्या बाबतीत मात्र मला तुमचं पटत नाही.

आधी नदी. शिकागो नदी हिरवी करायची प्रथा 1962 ची. कोण चोरून सांडपाणी नदीत सोडतं ते शोधायला प्लंबर लोक पाण्यात रंग टाकत, त्यातून ती कल्पना निघाली. आयर्लंडात तिचं मूळ शोधायला गेलात तर सापडणार नाही, हे मान्य. पण याच नदीच्या दक्षिण फाट्यावर, ब्रिजपोर्टला, इलिनॉय-मिशिगन कालवा सुरू होतो. 1836 ते 1848 अशी बारा वर्षं तो खणला गेला, कुदळ-फावड्यांनी, आणि खणणाऱ्यांत आयरिश मजुरांचा भरणा मोठा होता. मधे राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा मजुरी म्हणून त्यांच्या हातावर कागदी हुंड्या टेकवल्या गेल्या. कालव्याकाठी सॅग ब्रिज इथे टेकडीवर सेंट जेम्स चर्च आहे, त्याच्या आवारात या मजुरांची दफनभूमी. मी तिथे दोनदा गेले आहे. मार्चमधल्या त्या एका दिवशी नदीकाठी उभं राहून ही माणसं काय आठवतात ते मला त्या उतारावर समजलं. (माझ्या लेखात सगळं स्थलांतर दुष्काळापासून सुरू झाल्यासारखं वाटतं. तसं नाही. कालव्याचं काम सुरू झालं तेव्हा बटाट्यावर रोग पडून दुष्काळ यायला नऊ वर्षं अवकाश होता. गरिबी आणि जमीनदारी त्याआधीपासून होतीच.)

आता तुमचा मुख्य आक्षेप. खरी संस्कृती बेटावर राहिली आणि जहाजाने गेली ती नक्कल, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, तुमची चूक नेमकी इथे होते.

फ्रान्सिस ओ’नीलची गोष्ट सांगते. मागच्या लेखात त्याला मी एका ओळीत उरकलं होतं, ते बरं केलं नाही. 1848 मध्ये, दुष्काळाच्या ऐन काळात, कॉर्क काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेनला त्याचा जन्म. घरात आणि शेजारीपाजारी पाइप्स (आयरिश बॅगपाइप) आणि बासरी वाजायची, ते ऐकत वाढला. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून जहाजावर गेला, जगभर हिंडला, पॅसिफिकमध्ये त्याचं जहाज फुटलं, वाचला. पुढे शिकागोत आला आणि 1873 मध्ये पोलिसांत शिपाई झाला. नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते तोच एका चोराची गोळी लागली. ती गोळी त्याच्या अंगात जन्मभर राहिली. 1901 ते 1905 तो शिकागोचा पोलिसप्रमुख होता.

या माणसाचा जीव लहानपणी ऐकलेल्या धुनांत अडकलेला होता. शिकागोत तेव्हा मेयो, केरी, क्लेअर, लिट्रिम अशा सगळ्या काउंट्यांतून आलेली माणसं एकाच शहरात राहत होती. आयर्लंडात असती तर त्यांची एकमेकांशी गाठ पडली नसती. एका खोऱ्यातली धून पलीकडच्या खोऱ्यात ठाऊक नसायची. ओ’नील या माणसांना गाठायचा, त्यांच्याकडून वाजवून घ्यायचा, लक्षात ठेवायचा. त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. मग खात्यातलाच जेम्स ओ’नील, आडनाव तेच पण नातेवाईक नव्हे, डाउन काउंटीकडचा, ते उतरवून घ्यायचा. फ्रान्सिस बासरीवर वाजवणार आणि जेम्स कागदावर लिहिणार. रात्रीची ड्युटी संपवून आलेले हे दोन पोलीस दिव्याशेजारी बसले आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. 1903 मध्ये त्यांनी 1850 धुनांचा संग्रह काढला आणि 1907 मध्ये नृत्याच्या 1001 धुनांचा. हा दुसरा संग्रह आयर्लंडमधल्या वादकांनी पिढ्यान् पिढ्या वापरला. तिथे ‘द बुक’ म्हणजे ‘ते पुस्तक’ एवढं म्हटलं की पुरे असे. ट्रॅलिबेनला आज त्याचा पुतळा आहे.

म्हणजे डब्लिनच्या एखाद्या पबमध्ये संध्याकाळी तुमच्या कानावर पडणाऱ्या धुनांपैकी काही शिकागोच्या पोलिसांच्या वहीतून तिथवर पोचलेल्या असू शकतात.

ओ’नील एकटा नव्हता. स्लायगोचा फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिन) मायकेल कोलमन 1914 मध्ये न्यूयॉर्कला गेला. 1921 पासून तिथे त्याच्या तबकड्या निघू लागल्या. अमेरिकेतली माणसं त्या गावी पाठवत, सुटीवर जाताना ट्रंकेतून नेत. ग्रामोफोनवर त्या वाजल्या आणि डोनेगलपासून केरीपर्यंतच्या पोरांनी कोलमनची नक्कल सुरू केली. स्लायगोची वाजवण्याची ढब देशभर झाली आणि तिच्यापुढे कितीतरी स्थानिक ढबी मागे पडल्या. याबद्दल आजही हळहळणारे वादक आहेत आणि त्यांचं दुःख खोटं नाही. परदेशातून नेहमी चांगलंच परत आलं असं मी म्हणत नाही. पण आलं, आणि आज बेटावर ज्याला अस्सल म्हणतात त्यात ते असं मिसळलं आहे की वेगळं काढता येणार नाही.

मिरवणुकीचंही तसंच. न्यूयॉर्कची सेंट पॅट्रिकची मिरवणूक 1762 ची, म्हणजे अमेरिका हा देश व्हायच्या आधीची. आयर्लंडात हा दिवस मुख्यतः चर्चचा होता. 1927 च्या कायद्याने त्या दिवशी पब बंद ठेवावे लागत आणि तीन दशकांहून जास्त काळ तसंच चाललं. डब्लिनमध्ये आज जो भव्य सोहळा तुम्ही बघता त्यात समुद्रापलीकडून आलेलं पुष्कळ आहे.

भाषेवरून तुम्ही जे लिहिलंत ते मला लागलं. मराठीत लिहिणारीला लागणारच. दुष्काळाने सगळ्यात जास्त माणसं नेली ती पश्चिम आणि दक्षिणेच्या भागांतली, जिथे घरात आयरिश बोलली जायची. 1845 ते 1852 मध्ये सुमारे दहा लाख मेले आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेले. मुलाला अमेरिकेला पाठवायचं तर इंग्रजी आलं पाहिजे, म्हणून आईबापांनीच घरातली भाषा आवरती घेतली. ज्यांच्या तोंडून ती अशी गेली त्यांच्या पणतवंडांना ‘येत नाही’ म्हणून हिणवणं मला जमत नाही. आणि तरी 1881 मध्ये ब्रुकलिनला ‘अन गेल’ नावाचं मासिक निघालं, आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. मायकेल लोगन नावाचा शिक्षक ते चालवत होता. डब्लिनमध्ये गेलिक लीग ही आयरिश भाषा जगवण्यासाठीची संस्था स्थापन झाली 1893 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. तुमच्या देशातही 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे 72 हजार निघाले. भाषा गमावण्याचं दुःख दोन्ही किनाऱ्यांचं आहे. त्यातल्या एकाने दुसऱ्याला हसू नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा खरा मुद्दा. मी गाळलं, आणि गाळायला नको होतं.

1841 मध्ये आयर्लंडात तिथला मोठा पुढारी डॅनियल ओ’कॉनेल याच्यासह सुमारे साठ हजार लोकांनी एका आवाहनावर सह्या केल्या. अमेरिकेतल्या आयरिश बांधवांनी गुलामगिरीविरुद्ध उभं राहावं, असं ते आवाहन. 1842 च्या सुरुवातीला ते बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये वाचलं गेलं. इकडच्या बहुतेक आयरिश पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी ते झिडकारलं. आम्ही आता अमेरिकन आहोत, बाहेरून कुणी शिकवू नये, असा त्यांचा सूर होता. एरवी मायदेशाच्या नावाने डोळे भरून येणारी माणसं मायदेशाने सांगितलेली सगळ्यात चांगली गोष्ट ऐकेनात. याचं वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. 1863 च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली, तिच्यात आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. काळ्या माणसांना रस्त्यात मारून दिव्याच्या खांबांना टांगलं गेलं, काळ्या मुलांचा अनाथाश्रम जाळला गेला. मुलं मागच्या दाराने निघाली म्हणून वाचली. आणि माझ्या शिकागोत, 1919 च्या जुलैत, सरोवरावर एक काळा मुलगा दगडफेकीत बुडाला आणि दंगल पेटली, त्यात 38 जण मेले. ‘रेगन्स कोल्ट्स’सारख्या आयरिश ‘ॲथलेटिक क्लबां’च्या टोळ्यांचा त्यातला वाटा चौकशी आयोगाने नोंदवून ठेवला आहे. हे सगळं त्याच वस्त्यांत घडलं ज्यांच्यावर मी इतक्या मायेने लिहिलं. ज्यांना स्वतःला माणसासारखं वागवलं गेलं नव्हतं, त्यांनी दुसऱ्यांना तसंच वागवलं. कालव्याची दफनभूमी जितकी त्यांच्या वारशात येते तितकंच हेही येतं. मूळ लेखात मी आज 1919 वर दोन परिच्छेद घातले आहेत आणि ते तुमच्यामुळे घातल्याचंही लिहिलं आहे.

राहिलं आयर्लंडातल्या मनीगॉल गावाचं, ज्याचा तुम्ही उल्लेख केलात. ओबामांच्या पणजोबांचे आजोबा 1850 मध्ये त्या गावातून गेले, एवढ्यावर हायवेच्या पेट्रोल पंपाला ओबामांचं नाव दिलं, याला तुम्ही तमाशा म्हणालात. मला तो तमाशा वाटत नाही. 2019 च्या डिसेंबरात लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराडला आले होते, आठवतं? तेव्हाचे आयर्लंडचे पंतप्रधान, डब्लिनमध्ये जन्मलेले, आई वॉटरफर्डकडची. गावाने त्यांना आपल्या घरचा मुलगा म्हणून ओवाळलं. त्यांना मराठी येतं का, हे कुणी विचारलं नाही. माझी आई कुडाळची. टीव्हीवर ते बघताना तिने डोळ्यांना पदर लावला होता. 2011 मध्ये ओबामा मनीगॉलला आले तेव्हा तिथल्या बायांचंही तसंच झालं असणार.

जुन्या काळी कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरात ‘अमेरिकन वेक’ व्हायचा. वेक म्हणजे प्रेताशेजारी रात्रभर जागणं. इथे जिवंत माणसासाठी जागत. नाच व्हायचा, गाणी व्हायची, आणि पहाटे आई मेल्या माणसासाठी करतात तसा आक्रोश करायची, कारण पुन्हा भेट नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. त्यानंतर यायची ती पत्रं, आणि पत्रांतून डॉलर, ज्यांतून घराचा खंड भरला जायचा आणि पाठच्या भावंडांची तिकिटं निघायची. ज्यांच्यासाठी असं जागलं गेलं त्यांची नातवंडं तीन पिढ्यांनी परत येऊन गावाचं नाव विचारतात, तर त्यांना दार उघडावं एवढंच माझं म्हणणं आहे.

1990 मध्ये मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा देशाबाहेर गेलेल्या सगळ्यांसाठी त्यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत दिवा लावला. तुम्ही डब्लिनलाच आहात. ते निवासस्थान जिथे आहे त्या फिनिक्स पार्कात संध्याकाळी गेलात तर रस्त्यावरून तो दिसतो का बघा, आणि मला कळवा. मी अजून पाहिलेला नाही.