प्रदूषण चाचणीसाठी दिलेल्या गाडीचा थर्मोस्टॅट का बदलला: एका तक्रारीला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी की, जुनी पेट्रोल गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली म्हणून आपण ती आमच्याकडे आणली आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातल्या विषारी वायूंचे रूप बदलणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग, बदलून द्यायला सांगितले. आम्ही मात्र तो न बदलता गाडी रात्रभर ठेवून घेतली, तपासणीचे वेगळे पैसे लावले आणि ‘धुराशी काडीचाही संबंध नसलेला’ कूलिंगचा पार्ट, म्हणजे थर्मोस्टॅट, बदलला. त्यानंतर गाडी चाचणीत पास झाल्याचे आपणच लिहिले आहे, पण ती आमच्या कामामुळे पास झाली, हे आपल्याला पटलेले नाही. जुनी गाडी वापरणाऱ्या इतरांच्या मनातही अशीच शंका येत असणार, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

आमचे काम आपण सोबत आणलेल्या चाचणीच्या अहवालापासून सुरू झाले. बहुतेक जण त्या कागदावरचा ‘नापास’ हा शेरा वाचून कागद घडी करून ठेवतात, पण मेकॅनिकला जे हवे असते ते त्याखालच्या आकड्यांत असते. आपल्या अहवालात कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या कितीतरी वर होता, हायड्रोकार्बन (न जळलेले पेट्रोल) थोडे जास्त होते आणि लॅम्डाचा आकडा 1 च्या बराच खाली होता. पेट्रोल नीट जळण्यासाठी 1 भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, आणि हे प्रमाण जुळले की लॅम्डा 1 येतो. तो खाली गेला याचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात होते, म्हणजेच मिक्स्चर रिच होते. फक्त कन्व्हर्टर निकामी झाला असता, तर विषारी वायूंचे आकडे वाढले असते आणि लॅम्डा मात्र 1 च्या आसपासच राहिला असता, कारण कन्व्हर्टर वायूंचे रूप बदलतो, आत गेलेल्या हवा-पेट्रोलचा हिशेब त्याला बदलता येत नाही.

त्या दिवशी आपल्या सांगण्याप्रमाणे नवा कन्व्हर्टर बसवून दिला असता, तर आमचे बिल आजच्यापेक्षा कितीतरी मोठे झाले असते आणि गाडी बहुधा पुन्हा नापास झाली असती. कार्बन मोनॉक्साइड जाळायला कन्व्हर्टरलाही ऑक्सिजन लागतो आणि रिच मिक्स्चरच्या धुरात तो जवळजवळ शिल्लकच नसतो. शिवाय न जळलेले पेट्रोल सतत आत येत राहिले, तर कन्व्हर्टर अतितापून त्याची आतली जाळी वितळू शकते. जुन्या गाडीत कन्व्हर्टर खराब होतो, हे खरेच आहे. पण तो खराब होण्यामागे बहुतेक वेळा त्याच्या आधीचा कुठला तरी बिघाड असतो, आणि तो बिघाड तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर विकणे मला ग्राहकाची फसवणूक वाटते.

एअर फिल्टर स्वच्छ होता आणि इंधनाचा दाब योग्य होता. स्पार्क प्लग काढले तेव्हा चारही प्लगच्या टोकांवर कोरडी काळी काजळी होती. एखाद्याच प्लगवर ती असती, तर आम्ही त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल तपासली असती. चारहींवर सारखीच काजळी दिसल्यामुळे कारण सगळ्या इंजिनाला सामाईक असणार, हे उघड झाले. गाडी कितीही चालवली तरी तापमानाचा काटा निम्म्यापर्यंत येत नाही, असे आपणच गाडी देताना बोलता बोलता सांगितले होते. तपासाची दिशा आम्हाला त्या एका वाक्यातून मिळाली, याबद्दल आपले आभार मानणे मला आवश्यक वाटते.

स्कॅनर लावून गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ चालवली, तरी कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान 60 अंशांच्या आसपासच अडकून राहिले. गरम झालेल्या निरोगी इंजिनात ते साधारण 90 अंशांच्या जवळपास असायला हवे. मग थर्मोस्टॅट बाहेर काढला. ही झडप थंड असताना घट्ट बंद असते आणि कूलंट पुरेसे तापल्यावरच उघडून त्याला रेडिएटरकडे जाऊ देते. आपल्या गाडीचा थर्मोस्टॅट पूर्ण थंड असूनही उजेडासमोर धरला की कडेच्या फटीतून पलीकडचे दिसत होते. बैठकीवर गंज धरल्यामुळे झडप अर्धवट उघडी अडकली होती. परिणामी कूलंट पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये फिरत होते आणि इंजिनाला तापायची संधीच मिळत नव्हती. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचे, हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, शिकवलेले असते. कार्बोरेटरच्या गाड्यांत चोक ओढून आपण हेच करत असू. सेन्सर सतत ‘इंजिन थंड आहे’ असे सांगत राहिला आणि ईसीयू इमानाने जादा पेट्रोल सोडत राहिला. आपण ज्याला कूलिंगचा पार्ट म्हणता, त्याचा धुराशी असलेला संबंध हा असा आहे.

थर्मोस्टॅटसोबत आम्ही इंजिन ऑईलही बदलले, त्याचे कारणही यातच आहे. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली झिरपून ऑईलमध्ये मिसळले होते आणि डिपस्टिक काढताच त्याचा वास येत होता. इंजिन तापल्यावर त्या पेट्रोलची वाफ ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इंजिनातच ओढली जाते आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडवते, त्यामुळे नुसता थर्मोस्टॅट बदलून काम अर्धवट राहिले असते. गाडी रात्रभर ठेवली ती एवढ्याचसाठी की, पूर्ण थंड झालेले इंजिन सुरू करून ते किती वेळात किती तापते, हे पाहिल्याशिवाय आमच्या निदानाची खात्री होत नव्हती.

‘गाडीतून धूर दिसतच नव्हता, मग ती नापास कशी?’ असे आपण विचारले आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. म्हणूनच तो बंद जागेत माणसाचा जीव घेतो, आणि म्हणूनच तो यंत्राने मोजावा लागतो.

दुसऱ्या एका मेकॅनिकने टाकीत औषधाची बाटली ओतून आणि डॅशबोर्डवरचा इंजिनच्या बिघाडाचा दिवा विझवून काम करून देतो म्हटले होते, असेही आपण लिहिले आहे. बाटलीतल्या औषधाने अडकलेला थर्मोस्टॅट बंद होत नाही. आणि दिवा विझवण्यासाठी संगणकातले बिघाडाचे कोड पुसले की गाडीच्या संगणकाने स्वतःच्या केलेल्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते. चाचणीत तो संगणक वाचला जात असेल, तर या तपासण्या अपूर्ण असल्याचे लगेच दिसते. ही वाट आम्ही कोणालाच सुचवत नाही.

तपासणीच्या पैशांबद्दल माझी भूमिका स्पष्ट आहे. ते कारण शोधण्याच्या कामाचे पैसे आहेत आणि गाडी ठेवून घेण्याआधी आपली संमती घेऊनच ते लावले आहेत, त्यामुळे ते परत करणे मला योग्य वाटत नाही. कारण शोधण्याचा मोबदला मिळाला नाही, तर गॅरेजला पार्ट विकूनच पोट भरावे लागते आणि त्याचा भुर्दंड शेवटी ग्राहकालाच पडतो.

एक गोष्ट आपल्या बिलावर शेऱ्यात लिहिली आहे, ती पुन्हा सांगतो. कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला, धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर अजून काम करतो, पण मंदावला आहे. त्याचा व्होल्टेज सुमारे 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवा. आपल्या गाडीत तो वरखाली होतो, मात्र रेंगाळत. आकडे मर्यादेत आले असल्यामुळे तो आम्ही बदलला नाही. पुढच्या चाचणीआधी तो आमच्याकडे किंवा आपला विश्वास असलेल्या कोणत्याही गॅरेजमध्ये तपासून घ्यावा, आणि चाचणीला जाताना गाडी चांगली चालवून, इंजिन पूर्ण गरम करूनच न्यावी, कारण कन्व्हर्टर सुमारे 250 ते 300 अंशांना पोहोचल्याखेरीज नीट काम करू लागत नाही. काढलेला थर्मोस्टॅट आपल्या गाडीच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवला आहे. तो आपण केव्हाही येऊन पाहू शकता किंवा घेऊन जाऊ शकता.

आपला नम्र,
गॅरेजचा मालक