लाईन

मुंबईत लग्न जुळवताना पत्रिकेच्या आधी लाईन बघतात. परवा मामी भाच्यासाठी एका मध्यस्थ बाईंशी फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता, त्यामुळे घरादाराला ऐकू येत होतं.

“मुलगा कुठल्या लाईनचा?”

“सेंट्रल.”

“अहो, कामाची लाईन विचारतेय मी.”

“असं होय! आयटी लाईनला आहे.”

“आणि वागायला?”

“एकदम लाईनीत हो. कुणावर लाईन मारणं वगैरे काही नाही.”

पलीकडे शांतता. “हॅलो? आहात ना लाईनवर?”

इथे दुसरा शब्द घालून बघा. “मुलगा कुठल्या रेषेचा?” विचारलं तर मामी त्याचा तळहात पुढे करील. “कुठल्या रांगेतला?” म्हटलं तर नाटकाचं तिकीट वाटेल. लाईनला पर्याय नाही. बाकी हे स्थळ बारगळलंच. मुलगी विरारची, म्हणजे वेस्टर्न लाईन, आणि भाचा बदलापूरचा. दादरला पूल चढून-उतरून माहेरी जायचं या कल्पनेनेच मुलीच्या आईला धाप लागली. मधून वसई–दिवा लाईन आहे, पण तिच्या गाड्या इतक्या मोजक्या की माहेरपणाचं वेळापत्रक रेल्वेने ठरवावं. पत्रिका मात्र छान जुळत होती.

मराठीत आल्यावर ही लाईन बाई झाली. ती लाईन, त्या लाईनी. आली तशी घरात शिरली, आणि आता कुठल्या खोलीत नाही ते सांगा. पेपर टाकणाऱ्या पोराची लाईन असते आणि पोलिसांचे कुटुंबकबिले राहतात तीही लाईनच. गवंडी पायाची आखणी करतो ते लाईनआऊट. दहावीनंतर पोरं सायन्स लाईन घेतात, पुढे त्यातलं एखादं ‘लाईनीला लागतं’ आणि मग आईबाप पेढे वाटतात.

आमच्या सासूबाई अमरावतीच्या. वऱ्हाडात वीज गेली की ‘लाईन गेली’ म्हणतात. आमच्या डोंबिवलीत ‘लाईट गेली’ म्हणतात. एवढ्याशा फरकाने काय होऊ शकतं ते आमच्या सोसायटीने भोगलंय. दुपारी वीज गेली, तेव्हा सासूबाई घरात एकट्या होत्या. त्यांनी दारात येऊन शेजारच्या काकूंना सांगितलं, “लाईन गेली ना वो! कवाची गेली.”

काकूंचे यजमान रोज फोर्टातून सेंट्रल लाईनने येतात. आणि डोंबिवलीच्या बाईला ‘लाईन गेली’ म्हटल्यावर विजेचा पंखा आठवत नाही, ठाण्यापलीकडे अडकलेला नवरा आठवतो. त्यांनी काकांना फोन केला, “अहो, लाईन बंद पडलीय, लवकर निघा.” मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. तिथून कुणीतरी दुसऱ्या ग्रुपवर ढकललं. तासाभरात ओव्हरहेड वायर तुटल्याची बातमी फोटोसकट आली. फोटोतल्या रुळांवर गुडघाभर पाणी होतं आणि बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं, पण एवढं कोण बघतंय?

काका साहेबांची परवानगी काढून तीनलाच निघाले. स्टेशनवर आले तर गाडी वेळेवर. डब्यात बसायला जागा. खिडकीची! काका संशयाने कल्याणपर्यंत जाणार होते म्हणे, पण डोंबिवलीला उतरले. घरी येऊन बघतात तर दोघी बायका अंधाऱ्या जिन्यात वारा घेत गप्पा मारताहेत.

“अगं, लाईन तर चालू आहे!”

“कुठं आली जी?” सासूबाई म्हणाल्या. “फ्रीजबी बंदच हाय अजून.”

मी घरी पोचलो तेव्हा काका माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, की अमरावती मीच वसवली. तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. “आपण प्रतीक्षेत आहात, कृपया लाईनवर राहा,” असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. मी लाईनवर, घरात लाईन नाही, आणि लाईनमन लाईनवर गेलाय असा निरोप. यातली कुठली लाईन कुठली, हे सासूबाईंना बरोब्बर कळत होतं. गोंधळ आम्हा मुंबईकरांचाच होता.

खरं तर आमची लाईन आणि सासूबाईंची लाईन या सख्ख्या बहिणी. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती वाफेवर. नंतर 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला हार्बर लाईनवर विजेची गाडी सुरू झाली, तेव्हापासून त्यांची लाईन गेली की आमचीही जाते. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

या शब्दाचं मूळ शोधायला गेलं तर ते लॅटिनमधल्या जवसात निघतं. लिनम म्हणजे जवस. त्याच्या धाग्याचं लिनन, त्या धाग्यावरूनच लाईन. सासूबाई जेवताना जी जवसाची चटणी घेतात तिचं आणि चर्चगेटच्या फास्ट लाईनचं हे असं नातं आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “मंग? घ्या अजून थोडी.”

या धाग्याने जगात काय काय करून ठेवलंय! डेडलाईन हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कैद्यांच्या छावणीतून आला. ती रेषा ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. आमचे साहेब तो शब्द दर शुक्रवारी वापरतात, आणि त्यांना मूळ अर्थ ठाऊक असावा असा मला दाट संशय आहे. 1932-33 च्या बॉडीलाईन मालिकेत ऑस्ट्रेलियन फलंदाजांच्या बरगड्या शेकवणारा इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन तर जन्माने मुंबईकर, मलबार हिलचा. म्हणजे वेस्टर्न लाईनचाच म्हणायचा.

पण लाईनीचं खरं रूप बघायचं तर दाखला काढायला जावं. भिंतीवर पाटी असते, ‘कृपया रांगेत उभे राहावे’. ‘रांग’ हा शब्द आता पाट्यांवरच राहिलाय. गेल्या महिन्यात मी सकाळी सातला अशा एका खिडकीपाशी गेलो. खिडकी दहाला उघडते. माणूस एकही नव्हता, पण लाईन होती. एक पिशवी, पाण्याची बाटली, विटेचा तुकडा, निळ्या पट्ट्याची एक चप्पल.

झाडाखालच्या आजोबांना विचारलं, “शेवटचं कोण?”

“ती निळी चप्पल.”

मी चपलेच्या मागे उभा राहिलो. थोड्या वेळाने एक बाई येऊन विचारू लागल्या, “तुम्ही कुणाच्या मागे?”

“या चपलेच्या.”

“मग तुमच्या मागे मी. जरा डबा भरून येते, लक्ष ठेवा हं,” म्हणून त्यांनी छत्री ठेवली आणि त्या गेल्या. माझ्यावर छत्रीची जबाबदारी आली. दहाला खिडकी उघडली तशी चहूबाजूंनी माणसं धावत आली आणि आपापल्या वस्तूंच्या जागी उभी राहिली. चपलेची मालकीण दोन्ही पायांत चांगल्या सँडल घालून आली होती. ही चप्पल खास लाईनीसाठी ठेवलीय म्हणाली, जोडीतली दुसरी रेशनच्या दुकानात उभी होती.