साखर उतरली, तरी तळपाय का जळतायत?

तुमचा राग रास्त आहे, आणि निम्मा मुद्दाही. माझं मधुमेहावरचं लिखाण वाचून तुम्ही लिहिलंय, 'साखर ताब्यात आणा, नसा वाचतील, हे तुमचंच वाचून मी तीन महिन्यांत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ११.४ वरून ६.८ वर आणलं. आता तळपायांची आग आधीपेक्षा वाढलीय. लोकांना खोटी आशा लावू नका.'

'नसा वाचतील' हे मी जरा जास्तच ठोकून दिलं होतं. (नसा तरी कुठल्या, मज्जातंतू म्हणायला हवं होतं.) १९९३ च्या डीसीसीटी या मधुमेहावरच्या मोठ्या चाचणीत साखर काटेकोर ठेवणाऱ्यांना मज्जातंतूंचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा सगळेच छातीठोकपणे सांगतात, पण ते रुग्ण टाइप वनचे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मधुमेहाचे होते. बहुतेकांना असतो त्या टाइप टूमध्ये फायदा दिसतो तो बराच तुटपुंजा. इथे साखर एकटी दोषी नसते. वाढलेलं पोट, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), रक्तदाब, सिगारेट यांचाही हात असतो, शिवाय निदान होईपर्यंत आजाराने कित्येकदा वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलेला असतो.

मात्र 'आग वाढली म्हणजे साखर उतरवणंच चुकलं' हे मला मान्य नाही. फार भराभर उतरली, एवढंच असू शकतं. एचबीएवनसी तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त घसरलं, तर काहींना थोड्याच आठवड्यांत अशी भयंकर जळजळ सुरू होते. तुमची घसरण ४.६ ची आहे! हा त्रास बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरत जातो, त्यामुळे साखर पुन्हा चढू देऊ नका. डॉक्टरांना हे दोन्ही आकडे तारखांसकट दाखवा. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या, कारण साखर झपाट्याने उतरली की तिथलं जुनं दुखणं उचल खाऊ शकतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व बघा. ते कमी असलं तरी पाय असेच जळतात. आणि प्रिगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन यांपैकी एखादं औषध दिलं, तर ते दुखणं दाबेल, मज्जातंतू दुरुस्त करणार नाही, हे धरून चाला.

खरं सांगू? मला तुमच्या जळणाऱ्या पायांपेक्षा माझ्या गप्प पायांची धास्ती जास्त वाटते. तपासणीत मला डोळे मिटायला सांगितलं. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, टेकला की 'हो' म्हणायचं. मी वाट बघत बसलो. शेवटी विचारलं, 'सुरू कधी करताय?' तोवर उजव्या पायाच्या चार जागा टेकवून झाल्या होत्या.

आग नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. गेल्या महिन्यात संध्याकाळी बूट काढला तर आतून हरभऱ्याएवढा खडा पडला. मोजा रक्ताने चिकटला होता आणि मी दिवसभर चालत होतो.

बी-१२ चा रिपोर्ट आला की इथेच कळवा.