खुणा शिकवल्या की मूल बोलत नाही? हे खरं नाही

पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘उशिरा बोलणाऱ्या मुलाला हाताच्या खुणा शिकवू नका, ते आळशी होतं आणि कधीच बोलत नाही.’

हे चूक आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विकासात अडचण असलेल्या, खुणा किंवा चित्रं वापरणाऱ्या २७ जणांच्या भक्कम नोंदी तपासल्या गेल्या. एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्के जणांचं वाढलं, थोडंथोडं का होईना.

माझ्या लेकाला डाऊन सिंड्रोम आहे. अडीच वर्षांचा असताना तहान लागली की तो माठापाशी जाऊन डोकं आपटायचा. अंगठा ओठाला लावायची खूण शिकायला दीड महिना गेला, पण आपटणं थांबलं. प्रत्येक खुणेबरोबर आम्ही तोंडाने ‘पाणी’ म्हणायचोच, ते सोडायचं नसतं. पुढे एक दिवस अंगठ्यासोबत ‘पा’ आलं.

खुणा सुरू केल्या म्हणून कानाची तपासणी आणि स्पीच थेरपी मात्र टाळू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. त्याच्या भीतीने कुणीतरी आज खुणा बंद करत असेल.