देवस्थानावर दावा लावता येत नाही? खुलासा

‘देव अज्ञान (कायद्याच्या भाषेत अल्पवयीन) मानला जातो, म्हणून देवस्थानाच्या ट्रस्टवर कोर्टात जाता येत नाही’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. देवतेला कायदा व्यक्ती मानतो. तिला दावा लावता येतो, तिच्यावरही लावता येतो. विश्वस्तांना तर कसलेच अभय नाही.

गोंधळ बहुधा एका अटीवरून झाला असावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५० खाली, म्हणजे विश्वस्तांना हटवणे, हिशेब मागणे, ट्रस्टची मालमत्ता परत मिळवणे यांसाठी, दावा करायचा तर हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती आणि धर्मादाय आयुक्तांची कलम ५१ ची लेखी संमती लागते. नेमाने दर्शनाला येणारा भाविकही हितसंबंधी ठरतो, वर्गणीची पावती असलीच पाहिजे असे नाही. संमतीविना लावलेला दावा मात्र दारातच अडतो.

स्वतःचा हक्क, उदाहरणार्थ थकलेला पगार किंवा ट्रस्टने बळकावलेली तुमची जमीन, यासाठी ही संमती लागत नाही. अपहाराची फिर्याद द्यायलाही नाही.

फक्त विश्वस्त हटवायचा असेल तर कलम ४१ड चा अर्ज थेट आयुक्तांकडेच करता येतो. आधी परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या ट्रस्टच्या अधिकृत नोंदीचा, उतारा काढा. त्यावर कित्येकदा मयत विश्वस्तांचीच नावे असतात, कारण बदल अर्ज (नवे विश्वस्त नोंदवण्याचा अर्ज) प्रलंबित असतो. मग चुकीच्या माणसांना प्रतिवादी केले जाते.

वक्फ मालमत्तेची वाट वेगळी, ती वक्फ न्यायाधिकरणाकडे जाते. शिर्डी संस्थानालाही २००४ चा स्वतंत्र कायदा आहे.