सांक्त हान्सच्या आगीवर ती बाई कशाला?

डेन्मार्कमध्ये राहायला आल्यापासून २३ जूनची संध्याकाळ माझी सगळ्यात लाडकी. सांक्त हान्स, म्हणजे सेंट जॉनच्या सणाची आदली रात्र. दहा वाजत आले तरी उजेड असतो. किनाऱ्यावर, तळ्याकाठी, वस्तीच्या मैदानात लाकडं रचलेली असतात. कुणीतरी भाषण करतं, मग डॅनिश कवी होल्गर द्राखमानचं १८८५ सालचं गाणं सुरू होतं. एरवी बसमध्ये शेजारी बसायलाही बिचकणारी माणसं खांद्याला खांदा लावून गातात. मुलं काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यांवर पाव भाजतात. बाहेरून करपलेला, आतून कच्चा, तरी सगळा फस्त होतो.

आणि ढिगाच्या टोकावर ती असते. जुना झगा, डोक्याला रुमाल, हातात खराटा. चेटकिणीची बाहुली. ती उडून जर्मनीतल्या ब्रोकेन डोंगरावर जाते, असं मुलांना सांगतात.

मला ते बघवत नाही. 'परंपरा आहे' हे उत्तरही पटत नाही. आग फार जुनी आहे, बाहुली नाही. ती शे-सव्वाशे वर्षांपूर्वी रुळली. खऱ्या बायका त्याच्या कितीतरी आधी जळल्या. चौथ्या क्रिश्चन राजाने १६१७ मध्ये चेटकाविरुद्ध फर्मान काढलं आणि खटल्यांची लाट आली. या चिमुकल्या देशात सुमारे हजार माणसं मारली गेली, बहुतेक बायकाच. फाल्स्टर बेटावरच्या आने पालेसचा १६९३ मध्ये शिरच्छेद केला, मग देह जाळला.

ही मला परक्यांची गोष्ट वाटत नाही. आपल्या नंदुरबारकडे एखादीला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा छळलेल्या बाईसारखीच बाहुली पेटताना मी टाळ्या कशा वाजवू? (होळीतही होलिका आहे, ठाऊक आहे मला. त्यावरूनही माझे घरी वाद होतात.)

आमच्या वस्तीत पेटवायच्या दिवशी सगळा ढीग उपसून पुन्हा रचतात. आत हेजहॉग शिरलेला असू शकतो, आपल्या साळिंदरासारखा काटेरी पण अगदी छोटा जीव. गेल्या वर्षी मीही त्या कामाला होते. एकेक फांदी हळू उचलायची, खाली वाकून बघायचं, मगच बाजूला ठेवायची. ढीग पुन्हा उभा राहिला आणि कुणीतरी शिडी आणली, वर बाहुली बांधायला.

यंदा मी वस्तीच्या समितीला पत्र दिलंय. लाकडं रचायला येते, पाव भाजायला येते, गायलाही येते. फक्त शिडी आणू नका.