हवा कमी होत नाही म्हणून टायर चांगला?

आज सकाळपासून टाळकं सणकलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार. कंटाळा आला तर पुढं सरका, पण घरात चारचाकी असेल तर सरकू नका.

भाचा आला होता वाळूजहून. माझ्या मायला नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. दारात गाडी लावली, तिला काळी कुळकुळीत अलॉयची चाकं, सतरा इंची. मी चहा घेऊन बाहेर आलो तर डाव्या हाताच्या पुढच्या टायरला बाजूनं फुगा. हात फिरवायचीही गरज नाही, लांबून दिसत होता. म्हटलं, हे काय? तर पठ्ठ्या म्हणतो, "मामा, लई दिवस झाले त्याला. हवा कुठं कमी होतेय? काय होत नाही."

मायला त्या गाडीत बसू दिलं नाही. शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. भाचाही फुगला, म्हणजे दारात दोन फुगे झाले.

आता हे "हवा कमी होत नाही" प्रकरण एकदाचं मिटवू. पंक्चर म्हणजे टायरला भोक. फुगा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेले. टायरच्या बाजूच्या भिंतीत रबराच्या आत दोऱ्यांचा थर असतो, हवेचा सगळा जोर तो धरून ठेवतो. खड्ड्याच्या काठावर चाक आदळलं की ती भिंत रिम आणि काठ यांच्यामध्ये चेमटते आणि दोरे तुटतात. मग तेवढ्या जागी हवा अडवायला नुसतं रबर उरतं, ते बाहेर येतं. हवा कमी होणार कशी? ती सुटेल तेव्हा एकदमच सुटेल.

आणि भाच्याच्या गाडीचं हे चाक शंभरच्या वेगाला सेकंदाला चौदा फेरे मारतं. दर फेऱ्याला ती फुटकी जागा दबते, सुटते, तापते. पोरगं याच टायरवर समृद्धीवरून जालन्यापर्यंत येतं. तिथं कारला १२०ची परवानगी आहे, खाली सिमेंट, वर आपलं परभणीचं ऊन. मला तर विचार करूनच घाम फुटला.

(टायरच्या बाजूला कधीकधी उभी, आत गेलेली खळगी दिसते. ती बहुतेक वेळा दोऱ्यांच्या थराच्या जोडाची असते, तिला घाबरायचं कारण नाही. आत गेलेलं चालतं, बाहेर आलेलं चालत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.)

दुपारी त्याला घेऊन टायरच्या दुकानात गेलो. फुग्याचं चाक काढून स्टेपनी लावली. ती नशिबानं मूळची पंधरा इंची होती आणि बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच, म्हणून हळूहळू नेता आली. दुकान कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही. मालकानं फुगा बघितला आणि काय म्हणाला असेल? "मागच्या चाकाला टाका ना साहेब. आतून गेटर मारून देतो, वर्षभर बघायचं काम नाही." गेटर म्हणजे टायरच्या आतून लावायचं जाड ठिगळ.

मागच्या चाकाला! अरे बाबा, पुढचं टायर फुटलं तर गाडी निदान सरळ जायला बघते, स्टेअरिंग हातात असतं. मागचं फुटलं तर गाडीचा मागचा भागच फिरतो, मग चांगला ड्रायव्हरही काही करू शकत नाही. म्हणून तर दोनच टायर नवे घेतले तर ते मागं टाकायला सांगतात. आणि बाजूच्या भिंतीला पॅच, गेटर, आत ट्यूब, काहीही चालत नाही. ते टायर भंगारात जातं. दहा हजारांचं असो नाहीतर दोन हजारांचं.

हां, फुग्याचं टायर वापरून लोक वर्षभर फिरलेत. असतील फिरले.

पण माझा खरा राग फुग्यावर नाही, त्या अलॉयवर आहे. म्हणजे अलॉय विकणाऱ्यावर. भाच्याच्या गाडीला कंपनीकडून १८५/६५ आर १५ टायर होता. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा म्हणजे रिम किती इंची, आणि मधला म्हणजे रुंदीच्या किती टक्के भिंत. १८५चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर. सतरा इंची रिमवर बसवलं २०५/४५. भिंत उरली ९२. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जी गादी होती तिच्यातले जवळजवळ तीन सेंटीमीटर गेले! कुठं? तर रिम मोठी दिसावी म्हणून. बाहेरचा व्यास ६२२चा ६१६ झाला, म्हणजे स्पीडोमीटरचं गणित बरोबर आहे. दुकानदार तेवढंच सांगतो, "सगळं मॅच होतं साहेब." मंठ्याच्या रस्त्याशी मॅच होतं का, हे कोण सांगणार?

कारण तिथंच झालं ते. रात्री येताना, समोरून कापसानं भरलेला टेम्पो, एकच दिवा चालू, ह्यानं गाडी कडेला दाबली आणि नळकांडी पुलाच्या जॉइंटला चाक आदळलं. भाचा म्हणतो, नुसता आवाज आला. घरी येऊन मी रिम फिरवून बघितली तर आतल्या बाजूची कडही वाकलेली. बाहेरून एक ओरखडा नाही. म्हणून फुगा दिसला की टायरबरोबर रिमची आतली कडही बघायला लावा, नाहीतर नवं टायर त्याच वाकड्या रिमवर बसतं.

रस्त्याबद्दल लिहायला लागलो तर ही पोस्ट संपणार नाही, आणि तुम्हाला सगळ्यांना ते माहीतच आहे. सोडा.

आणखी एक. मूळ टायरवर मापापुढं ८८ लिहिलेलं होतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतं. ह्या सतरा इंचीवर होतं ८४, म्हणजे ५०० किलो. चार टायरचे मिळून २४० किलो कमी, अडीच क्विंटलला थोडंच कमी सोयाबीन. आणि आपल्याकडं लग्नाला जाताना गाडीत पाच माणसं, दोन लेकरं आणि डिकीत आहेराची भांडी. ह्याच मापात ८८चं, एक्सएल (म्हणजे जास्त वजन पेलणारं) लिहिलेलं टायर मिळतं. मी मागितलं तर मालक म्हणे, "मागवावं लागंल." जे दाखवत होता ते ८४चंच, आणि नवं म्हणून दाखवत होता त्याच्या भिंतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून ते तीन वर्षं पडून होतं. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. २२१९ असेल तर २०१९चा बाविसावा आठवडा. हे मी वाचून दाखवलं तर गड्याचा चेहरा पडला. भाचा तेव्हा पहिल्यांदा हसला.

येताना गाडीत जरा जास्तच बोललो त्याला. नंतर वाईट वाटलं. ह्याचा बाप, माझे दाजी, जिंतूर-परभणी काळी-पिवळी चालवायचे. टायर कायम गुळगुळीत, नाहीतर वरून रबर चढवलेलं. नवं टायर विकत घेतलेलं मी त्यांना बघितलं नाही. पोरगं मागच्या सीटवर झोपत वाढलं. त्यानं ओव्हरटाइमच्या पैशातून स्वतःच्या गाडीला काळी चमकदार चाकं लावली तर मी कोण नावं ठेवणार? आणि गाडी दिसते झकास, हे मान्य करतो. वळणावर चिकटूनही जाते.

पण दाजींना टायरचं कळत होतं. सकाळी निघताना चारही टायरवर हात फिरवायचे. ह्यानं चाळीस हजारांची चाकं घेताना फक्त फोटो बघितला, आणि विकणाऱ्यानं पैसे मोजले. मला पुन्हा राग यायला लागला.

शेवटी ठरलं असं. सोळा इंची रिमवर १९५/५५ घेतलं तर भिंत १०७ मिळते, व्यासही ६२१. तो मधला मार्ग होता, मी तयार होतो. पण बहिणीनं फोनवर एका वाक्यात निकाल लावला, "पहिली चाकं होती तशी बसव." पहिली चाकं मात्र अलॉयवाल्यानं बदल्यात घेतली आणि केव्हाच विकून टाकली.

तेव्हा परभणी, सेलू, जिंतूर, जालना भागात कुणाकडं पंधरा इंची कंपनीची चाकं पडून असतील, चार नटांची, पीसीडी (नटांच्या भोकांच्या गोलाचा व्यास) १०० मिलिमीटर, तर इनबॉक्स करा. रिमची आतली बाजू दिसेल असा फोटो पाठवा. टायरसकट देणार असाल तर त्या चार आकड्यांचाही फोटो पाहिजे. सतरा इंची तीन चाकं विकायची आहेत, चौथ्याची कड वाकलेली आहे, हे आधीच सांगतो. ८४ लिहिलंय हेही सांगतो. भाव भाच्याशी बोला.